गाढवाच्या घशातला हात

पाण्याचा दुसरा घोट घशाशी येऊन थांबला. थांबला म्हणजे फार काही नाही. एक ठसका आला, डोळे ओलावले आणि घोट खाली उतरला. मे महिन्यातली सकाळ होती, गोंदियाच्या त्या गल्लीत आत्ताच ऊन पांढरं व्हायला लागलं होतं आणि समोरच्या घरातला कूलर घरघरत होता. "हळू प्या ना जी," पुष्पांजली तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "कोनी पानी हिसकून नाही घेऊन राहिलं." एरवी ईश्वरदास हसला असता. आज त्यानं पेला खाली ठेवला आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटाकडे पाहिलं. पेरावरची खपली कधीच पडून गेली होती. खाली नव्या कातडीचा गुलाबी डाग होता, तांदळाच्या दाण्याएवढा. तहान अजून होती. पण पेल्याकडे हात जाईना.

कालपर्यंत हा डाग नुसता डाग होता. काल सालेकशाच्या बसस्टँडवर जनावरांच्या दवाखान्यातले केशोराव भेटले. भला माणूस, चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. कपाला फुंकर घालता घालता म्हणाले, "तुमच्या तलावाच्या अंगाले पिसाळलेला कोल्हा मारला म्हने गाववाल्यायनं. झाला असन महिना, सवा महिना. दोन गाई गेल्या. आनिक त्या गाढववाल्याच्या डेऱ्यातबी घुसला होता म्हने, खरं-खोटं देव जाने." मग ते बदलीबद्दल बोलू लागले, जावयाबद्दल बोलू लागले. ईश्वरदास मान हलवत होता. त्याच्या कानात मात्र 'डेऱ्यातबी' हा एक शब्द राहिला होता, आणि गाडीत बसल्यावर, आमगाव मागं पडल्यावर, त्याच्या शेजारी कोणीतरी येऊन बसावं तशी भुरी येऊन बसली.

भुरी ही सुमित्राबाईची गाढवी. राखाडी, म्हातारी, नाकपुड्या चिरलेल्या. पाटबंधाऱ्याच्या कचेरीनं त्या जुन्या मालगुजारी तलावातला गाळ काढायचं काम काढलं आणि ईश्वरदासला त्यावर सुपरवायझर म्हणून धाडलं, तेव्हा पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, आतल्या उतारावर यंत्र उतरेना. उतरलं तर रुते. मग ठेकेदारानं छत्तीसगडच्या बाजूनं मुन्नालाल आणि सुमित्राबाई या नवराबायकोला त्यांच्या गाढवांसकट आणलं. पाठीवर दुहेरी गोणी, दोन्ही अंगांना गाळ. हाकारा न देता जनावरं एकामागं एक पाळ चढत, वर मुन्नालाल गोणी उलटी करी आणि रिकामी गाढवं आपली आपण खाली येत. ईश्वरदासला ते बघत बसायला आवडे. त्याच्या आज्याच्या आज्यानं असाच एक तलाव बांधला असं घरात सांगत, आणि पाळीवर उभं राहिलं की हे सगळं आपलंच आहे असं त्याला उगीच वाटे. म्हणूनच असेल, पंधरा दिवसांपूर्वी भुरीनं खाणं सोडलं, तोंडातून लाळेच्या तारा गळायला लागल्या आणि सुमित्राबाई म्हणाली, "गल्यात काटा अडकला वाटते, बाबू," तेव्हा तो बाह्या सारून पुढं झाला. त्यानं लहानपणी बैलांच्या घशातून आंब्याची कोय काढलेली पाहिली होती. कचेरीतला माणूस म्हणून आपल्याला ही बाई काही नाजूक समजते की काय, असंही मनात होतं. त्यानं जीभ एका अंगाला ओढून धरली आणि हात आत घातला. आत गरम होतं. मऊ, ओलं, आणि कुठंतरी खोल काहीतरी आकसत होतं, पुन्हा आकसत होतं. काटा नव्हता. हात बाहेर काढताना दाढ पेराला घासली. त्यानं हात पँटीला पुसला. भुरी दोन दिवसांनी मेली. मागचे पाय आधी गेले, मग ती आपल्याच पुढच्या पायाला चावत बसली होती. पाळीमागं तिला ओढून नेलं. ईश्वरदासला वाईट वाटलं, संध्याकाळी त्यानं घरी पुष्पांजलीला ते सांगितलंही. काट्याचंच सांगितलं.

"बाबा, घास," रुचि त्याच्या गुडघ्याशी येऊन उभी होती. दोन वर्षांची पोर, रोज सकाळी त्याच्या ताटातला पोळीचा तुकडा त्याच्या हातानं खायची. तिनं तोंड उघडलं. बारीक दात, गुलाबी टाळू, आणि त्यामागं तो अंधार. ईश्वरदास एकदम उठला. ताट कलंडलं, वरण फरशीवर गेलं. पोर दचकून रडायला लागली. "अवो, काऊन अशे करता जी?" पुष्पांजली धावत आली. "रातीपासून पाहून राहिली मी. पोरीले जवळ घेत नाही, बोलत नाही. कचेरीत काही झालं का?" तो म्हणाला, काही नाही, उन्हानं डोकं दुखतं. तिनं पोरीला कडेवर घेतलं आणि त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात त्याला दुसऱ्या कुठल्या बाईची शंका दिसली, आणि ती खऱ्यापेक्षा कितीतरी बरी होती. असू दे, त्याला वाटलं. तिला दुसरं काही वाटू दे. 'पिसाळलेला' हा शब्द तोंडानं काढला की तो खरा होईल. आतापर्यंत तो केशोरावांच्या चहात होता, गाडीत शेजारी बसला होता. बोललं की घरात येईल, पोरीच्या पाळण्यापर्यंत जाईल.

कारण तो शब्द त्याच्या ओळखीचा होता. तो स्वतः सहा-सात वर्षांचा असताना त्यांच्या गावात रामलाल नावाचा गडी होता, त्यांचीच जनावरं चारायचा. त्याला कुत्रं चावलं होतं आणि तो ते विसरूनही गेला होता. मग एक दिवस त्याला गोठ्यात खाटेला बांधून ठेवलं. लोक म्हणत, तो कुत्र्यासारखा भुंकतो. ईश्वरदासनं कुडाच्या फटीतून पाहिलं होतं. रामलाल भुंकत नव्हता. तो श्वास घ्यायला बघत होता आणि श्वास घशाशी येऊन मोडत होता. आईनं, सुशीलाबाईनं, त्याच्यासाठी पितळेच्या लोट्यात पाणी आणलं. लोटा दाराशी दिसला मात्र, रामलालची मान मागं गेली, गळ्याच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या, आणि त्याचे डोळे... डोळे मात्र रामलालचेच होते. शहाणे, ओळखीचे, माफी मागणारे. तेच सगळ्यांत भयंकर होतं. वेडा झाला असता तर बरं झालं असतं. तो आत जागा होता आणि बघत होता. आईनं लोटा पदराखाली झाकला. ईश्वरदासला आता वाटत होतं की गेली पंचवीस वर्षं तो त्या फटीला डोळा लावूनच उभा आहे, आणि आतला माणूस हळूहळू तोंड वळवतो आहे.

कचेरीत जायला म्हणून तो निघाला आणि स्टेशनवर गेला. दवाखाना वाटेतच होता. दारापर्यंत गेला, आतल्या औषधाचा वास आला, आणि पाय पुढं गेले नाहीत. आधी खरं काय ते कळू दे, त्यानं स्वतःला समजावलं. केशोरावांनी ऐकीव सांगितलं. कोल्हा डेऱ्यात घुसला असेल आणि नुसताच पळाला असेल. सुमित्राबाईला विचारू. ती म्हणेल, नाही बाबू, काटाच होता. गाडीत खिडकीची जागा मिळाली. समोर एक म्हातारा बाटलीनं पाणी पीत होता, गळ्याची गाठ वर-खाली होत होती, आणि ईश्वरदासला त्या गाठीवरून नजर काढता येईना. त्यानं तोंडातली थुंकी गिळून पाहिली. गेली. पुन्हा गिळली. तिसऱ्यांदा गिळायला तोंडात काही उरलंच नव्हतं, आणि कोरडा गळा नुसताच आवळला. हेच ते का? घाम फुटला. म्हातारा म्हणाला, "तबियत ठीक नाही का?" आणि बाटली पुढं केली. ईश्वरदासनं मान फिरवली. बाहेर पळसाची रानं आणि धानाच्या वाळलेल्या बांध्या मागं जात होत्या.

तलावावर काम चालू होतं. तळ भेगाळलेला, मधोमध तेवढा गाळ काळा होता. गाढवं चढत होती, उतरत होती. तो पाळीवर थांबला आणि नकळत त्यांची तोंडं बघू लागला, एकेक, ओठ, लाळ, जबडा. सुमित्राबाई तळाच्या एका कोपऱ्यात पाझराच्या पाण्यासाठी खणलेल्या झिऱ्याशी बसली होती. पन्नाशीची, वाळकी, डोईवर पदर बांधलेला. त्याला येताना पाहून ती उठली नाही. तिच्या उजव्या मनगटावर फडकं गुंडाळलेलं होतं. ते त्यानं आजवर पाहिलं नव्हतं, की पाहूनही पाहिलं नव्हतं, कोण जाणे.

"बाई," तो म्हणाला, "भुरीले कोल्हा चावला होता का?"

तिनं झिऱ्यात ओंजळ घातली, पाणी वर घेतलं आणि प्यायली. सावकाश, डोळे मिटून, देवाचं तीर्थ घ्यावं तशी. मग पदरानं तोंड पुसलं. "नाकाले चावला होता," ती म्हणाली. "आमी तवाच लोखंड तापवून डाग देल्ला. जखम भरली. मले वाटलं, सुटली."

"मंग मले कायले हात घालू देल्ला?" त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. वरून मुन्नालालनं वाकून पाहिलं.

"माया हात तुमच्या आधी गेला होता, बाबू." तिनं मनगट पुढं केलं. "मले काटाच भेटला पायजे होता. मी देवाले म्हनत होती, काटा असू दे. मले नाही भेटला तर वाटलं, तुमचा हात लंबा हाये, तुमाले भेटन." तिनं वर गाढवांकडे पाहिलं. "सांगतलं असतं तर गाववाल्यायनं सारे जानवर काठीनं मारून टाकले असते. कोल्ह्याले मारलं तसे. ह्यायच्याशिवाय आमच्यापाशी काय हाये?"

त्याला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. हात उचललाही गेला असेल. मग त्याच्या ध्यानात आलं की कालपासून तोही तोच काटा शोधतो आहे. गाडीत बसून इथवर आला तो काट्यासाठीच. ती त्याच्याकडे पाहत होती, आणि मग अगदी हळू, शेजारणीनं घरातलं दुखणं विचारावं तसं तिनं विचारलं, "तुमीबी पाहून राहिले का? पानी उतरते का म्हनून?"

तो तिच्याशेजारी झिऱ्याशी बसला.

"मी रोज सकारी इथं येतो, एकटी," ती म्हणाली. "तेच्यापुढं नाही पेत मी," तिनं वर मुन्नालालकडे हनुवटी केली, "तेले दिसते कमी, पन समजते. एक ओंजळ पेतो. उतरली तर म्हनतो, आजचा दिवस माया." मग तिनं झिऱ्याच्या कडेचा गाळ बाजूला सारला आणि म्हणाली, "प्या. थंडं हाये."

तो प्यायला. अर्धं पाणी शर्टावर सांडलं, उरलेलं गेलं. कोणीतरी बघत असताना प्यायलेलं ते कालपासूनचं पहिलं पाणी. आणि मग त्याला रडू आलं, तोंड दाबून, खांदे हलवत. ती नुसती बसून राहिली.

दुपारच्या गाडीनं तो तिला गोंदियाला घेऊन आला. ती येत नव्हती; मुन्नालालच वरून ओरडला, "जा ना, मर जाएगी तो इनको कौन देखेगा?" तेव्हा उठली. सरकारी दवाखान्यात गर्दी होती. खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "किसने काटा?" सुमित्राबाईच म्हणाली, "गधी ने." रांग हसली. मागून कोणी विचारलं, "कौन से दफ्तर की?" आणि रांग पुन्हा हसली, हसण्यासारखंच होतं, ईश्वरदासलाही ते कळत होतं, आणि लोकांमध्ये उभं राहून आपण हसू शकत नाही, आपण काचेपलीकडं गेलो आहोत, असं वाटून त्याच्या पाठीवरून गार काटा सरकला. आतली डॉक्टर तरुण मुलगी होती. ती हसली नाही. गाढव मेलं का, कसं मेलं, हात कुठवर गेला होता, असं एकेक विचारत गेली आणि शेवटी म्हणाली, "त्याच दिवशी साबणानं धुवून यायला हवं होतं. आता आलात, हेही काही कमी नाही. त्रास सुरू व्हायच्या आत सगळी इंजेक्शनं झाली तर बहुतेक धोका टळतो."

"बहुतेक," ईश्वरदास म्हणाला.

"सगळी घ्या," ती म्हणाली. "एकही चुकवू नका."

दोघांच्याही दंडात सुई गेली. सुमित्राबाईनं दंड खाली केला आणि विचारलं, "आनि माये जानवर? भुरीसंग खाल्लं-पेल्लं हाये त्यायनं. तेयले हाये का सुई?" डॉक्टर म्हणाली, ते जनावरांच्या दवाखान्यात. सुमित्राबाई बाहेर आली आणि पायरीवर बसली. "तेयले लावा," ती म्हणाली, "तर मी पुढची घेईन. नाही तर नाही. मी वाचून काय करू, एकेक मरताना पाहू?"

गाडीला वेळ होता म्हणून तो तिला घरी घेऊन गेला. दारात पुष्पांजली उभी राहिली. नवऱ्याच्या शर्टावरचा गाळ, त्याच्यामागची ती बाई, तिच्या अंगाचा जनावरांचा वास. ईश्वरदासनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तो शब्दही उच्चारला. पुष्पांजलीनं रुचिला उचललं आणि दोन पावलं मागं सरकली, भिंतीला पाठ लागेपर्यंत. ते त्यानं पाहिलं. तिनं त्याला पाहताना पाहिलं. मग तिनं पोरीला पाळण्यात ठेवलं, आत गेली आणि दोन पेले पाणी घेऊन आली. एक त्या बाईच्या हातात दिला, एक त्याच्या. "प्या," ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "मी पाहून राहिली. प्या."

केशोरावांना फोन केला तेव्हा ते आधी चिडले, मग म्हणाले की लस मागवतो, पण गाढवांना सुई टोचा असं सांगायला आजवर माझ्याकडे कोणी आलं नाही. पुढच्या इंजेक्शनाच्या दिवशी ते बर्फाचा थर्मास खांद्याला लावून तलावावर हजर झाले. ईश्वरदासनं काम बंद ठेवलं होतं आणि ठेकेदाराला कारण सांगितलं होतं, गावच्या सरपंचालाही. पाळीवर माणसं जमली होती, काहींच्या हातात काठ्या होत्या. ती खाली उतरली नाहीत एवढंच. मुन्नालालनं पहिलं गाढव दोरीनं पुढं आणलं, तरणं, काळपट, अंगानं भरलेलं. ते झटके देत होतं. म्हाताऱ्याच्यानं आवरेना.

"कोनी मान धरा," केशोराव म्हणाले. "तोंडापाशी जाऊ नका. मान धरा, घट्ट."

सुमित्राबाई पुढं झाली, पण तिची मूठ अजून नीट मिटत नव्हती. पाळीवरचं कोणी हललं नाही. ईश्वरदास उभा होता. पुढचं सगळं त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या आणि सुमित्राबाईच्या सगळ्या सुया होतील, दोघंही जगतील. गाढवांतलं एक शिंगरू जूनमध्ये जाईल, कशानं ते केशोरावांनाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. गाळ निघेल, डेरा उठून दरेकशाच्या वाटेनं छत्तीसगडकडं जाईल, आणि तरी पुढची कितीतरी वर्षं पहिला घोट घेताना तो थांबेल आणि पुष्पांजली काही न बोलता नजर वळवेल. हे सगळं नंतरचं. त्या वेळी समोर एक जनावर होतं, त्याचा जबडा होता आणि जबड्याच्या कडेला ओल होती, ती लाळ की घाम की नुसतं पाणी ते कळत नव्हतं. ईश्वरदासचे पाय मागं जाऊ बघत होते. बोटाच्या पेरात तो डाग ठणकत होता, किंवा ठणकतोय असं वाटत होतं. तो पुढं गेला. त्यानं डोळे मिटले आणि दोन्ही हात त्या मानेभोवती टाकून बोटांत बोटं अडकवली. केस राठ होते, उन्हानं तापलेले, आणि त्यांच्याखाली एक शीर धावत होती, त्याच्याइतकीच घाबरलेली. गाढवानं एक हिसका दिला, दुसरा दिला. तोंड त्याच्या कानाशी आलं. ऊन श्वास गालावर आला, गेला, पुन्हा आला. "धरा," केशोराव म्हणाले, "झालं, झालं, धरून ठेवा." सुई गेली तसं ते जनावर थरारलं, आणि मग हिसके द्यायचं सोडून त्यानं आपला सगळा भार ईश्वरदासच्या अंगावर टाकला. त्याचे पाय गाळात घोट्यापर्यंत रुतले. तो भीत होता, दातखिळी बसावी इतका भीत होता. "सोडा आता, साहेब," कोणीतरी म्हणालं. त्यानं सोडलं नाही.